दोन आठवड्यांच्या बाई

पैसे भरून परदेशातल्या लहान मुलांना शिकवायला जायचं फॅड आता आमच्या जुळे सोलापूर उपनगरापर्यंत पोचलंय. माझी भाची पुण्यात आयटीत आहे, ती डिसेंबरच्या सुट्टीत कंबोडियाला निघालीय. दोन आठवडे, चार ते सहा वयाची मुलं, राहणं-जेवण धरून लाखाच्या घरात खर्च, विमानाचं तिकीट वेगळं. घरच्या ग्रुपवर कौतुकाचा नुसता पाऊस. मी अंगठासुद्धा दिला नाही. "आत्या, तू स्वतः नेपाळला शिकवून आलीस आणि तूच गप्प?" असं तिनं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय. तिला सांगून लिहितेय, उगाच कुणी आमच्यात काड्या घालू नका.

तिनं पाठवलेलं माहितीपत्रक मी चष्मा लावून वाचलं. वय १८ पूर्ण हवं, उत्साह हवा, "शिकवण्याच्या अनुभवाची गरज नाही". आमच्या वेळी डी.एड. झाल्याशिवाय पहिलीच्या वर्गात खडू हातात देत नव्हते. बरं, उलटं करून बघा. उद्या नॉर्वेचा एखादा पंचविशीतला पोरगा आसरा चौकातल्या कुठल्याही शाळेत आला आणि म्हणाला, मला मराठी येत नाही, लहान मुलांचं काही शिकलेलो नाही, पण प्रेम भरपूर आहे, ज्युनिअर केजी दोन आठवडे माझ्याकडे द्या. पालक गेटवरच धरतील की ओ त्याला! पोलिसांचा दाखला आणलास का, हे आधी विचारतील. मग कंबोडियातल्या आईबापांनी का विचारू नये?

जन्म महापालिकेच्या शाळेत गेला माझा, बराचसा सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत. जूनमध्ये नवी पोरं येतात, पहिले काही दिवस वर्गात नुसता आक्रोश. कुणी दाराची कडी सोडत नाही, कुणी चड्डीत करतं, कुणी दप्तर पाठीवरून काढूच देत नाही. आषाढी येईपर्यंत हळूहळू रुळतात. आधी लांबून बघतात, मग पदर धरतात, मग एक दिवस आपणहून सांगतात की काल रात्री बाबानं आईला मारलं. एवढं व्हायला दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणजे पोर जवळ यायला लागतं नेमक्या त्याच वेळी या दोन आठवड्यांच्या बाईंचं परतीचं विमान असतं. सोमवारी दुसऱ्या बाई. त्यांचंही गाणं तेच, "हेड, शोल्डर्स, नीज अँड टोज".

आता नेपाळचं. निवृत्तीनंतर ओळखीतून एका डोंगरातल्या सरकारी शाळेत एक सत्र राहिले. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारामुळे कामही करता येतं. गोऱ्या स्वयंसेवकांना मात्र पर्यटक व्हिसावर बिनपगारीसुद्धा काम करायची परवानगी नसते, तरी सर्रास चालतं. मला वाटलं होतं हेडसर वर्ग देतील. त्यांनी दिला एक पाट, वर्गाच्या मागच्या भिंतीला. काम काय, तर पेन्सिलींना टोक काढायचं, नाकं पुसायची, वह्यांवर उद्याची अक्षरं घालून ठेवायची, खाज्याच्या, म्हणजे मधल्या खाण्याच्या, वेळी हात धुवून घ्यायचे. शिकवायच्या तिथल्या मिस. लिपी आपलीच, त्यामुळे फळा मला वाचता येई. पण पोरांच्या घरात तामाङ बोलतात, शाळा नेपाळीत. मिस आधी तामाङमध्ये दोन वाक्यं बोलायच्या, पोरं हसायची, मग धडा सुरू. अगदी आपल्याकडे तेलुगू घरातलं पोर मराठी शाळेत येतं तसं. मी कितीही अनुभवी असले तरी ती दोन वाक्यं माझ्याकडे नव्हती. मागच्या पाटावर बसून माझा उपयोग एवढाच, की मिसना चाळीस पोरांतल्या एकाजवळ निवांत बसता यायचं. आणि तो थोडाथोडका नव्हता, हे मी ठणकावून सांगेन.

मी असतानाच एक परदेशी ग्रुप येऊन गेला. भिंतीवर फुलपाखरं रंगवली. रंग वाळेपर्यंत बालवर्ग व्हरांड्यात, वाऱ्यात. फोटो मात्र फार सुंदर आले.

भाचीच्या कार्यक्रमात शनिवार-रविवार "अनाथालयाला भेट" पण आहे. इथं मी खरी चिडले. युनिसेफ आणि कंबोडिया सरकारनं २०११ मध्ये केलेल्या पाहणीत अशा संस्थांतल्या दर चारांतल्या जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. गरिबी असते, शाळा-जेवणाचं आमिष असतं, म्हणून घरचे पाठवतात. बघायला येणारे पाहुणे देणग्या देतात, म्हणून मुलं ठेवून घेणं परवडतं. तू चॉकलेट घेऊन गेलीस तर तू त्याच हिशोबात जमा.

भाऊ म्हणतो, "अगं, कोटणीसांच्या गावचे आपण, परदेशात सेवेला जाऊ नये म्हणतेस?" भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून रोज जातो, पण आत शिरलेला दिसत नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले, त्यातले आपले द्वारकानाथ कोटणीस. गडी डॉक्टर होऊन गेला होता, हौस म्हणून ऑपरेशन शिकायला नव्हे. चिनी भाषा शिकला, बाकीचे बहुतेक परतले तरी राहिला, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला, वय ३२. अमेरिकन सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेचं राजकारण असेल ते असो, पण तेही माणूस २७ महिन्यांसाठी पाठवतात आणि पहिले तीन महिने भाषा नि कामच शिकवतात. असं कुणी जात असेल तर मी स्टेशनवर शेंगाचटणी-कडक भाकरी घेऊन उभी राहीन.

भाचीला मी म्हटलं, इथल्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत चल. विड्या वळायला बसायच्या आधी बायका तिथल्या बालवाडीत पोरं सोडून जातात, घरात तेलुगू. तुला "रा" आणि "कूर्चो" पलीकडे काही येत नाही, म्हणजे परदेशच की! दर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये, वर्षभर. यावर ती "बघते" म्हणाली. म्हणजे नाही.

पण पोरगी हुशार आहे. तिनं संस्थेला तीन प्रश्न पाठवले: वर्गात तिथली शिक्षिका कायम असेल का, माझा पोलिस दाखला का मागितला नाही, आणि माझ्या लाखातले शाळेला किती जातात. पहिल्याचं उत्तर आलं, स्वयंसेवक असतील त्या आठवड्यांत शिक्षिकांना विश्रांती दिली जाते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या जागी फुलपाखरांचे फोटो असलेलं नवीन माहितीपत्रक आलं. तिकीट रद्द केलं तर किती कापतात, ते ती काल रात्री बघत बसली होती.