चष्मा काढायचा, पण कुठे उभं राहून?

‘2 ऑगस्टला सहा मिनिटं सगळं जग अंधारात बुडणार!’ हा मेसेज 2025 च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी हसून सोडून दिला. त्या तारखेला जगात कुठेच ग्रहण नव्हतं. सूर्यग्रहण आहे ते 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी. मधली दोन वर्षं कुणीतरी गिळली होती. नंतर त्याच मेसेजची दुरुस्त आवृत्ती आली. वर्ष बरोबर, पण शेपटाला ‘ग्रहण कसं पाहावं’ असे उपदेश जोडलेले. तारखेच्या चुकीने कुणाचं काही बिघडत नव्हतं, या उपदेशांनी डोळे जातील. म्हणून हे उत्तर.

‘सगळं जग’ आधी निकालात काढू. चंद्राची गडद सावली त्या दिवशी जिथे जास्तीत जास्त रुंद असेल तिथेही ती साधारण 258 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई ते सातारा एवढी. ही पट्टी दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशी सरकत सोमालियाकडे जाते. इजिप्तमध्ये लक्सरजवळ अंधार सर्वांत जास्त टिकेल, 6 मिनिटं 23 सेकंद. मेसेजातले ‘सहा मिनिटं’ तिथले आहेत. जेद्दाहलाही सहाच्या आसपास, पण स्पेनमधल्या कादिझला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. भारतावरून ही पट्टी जातच नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे दुपार कलल्यावर सूर्याचा लचका तुटलेला दिसेल, एवढंच. खंडग्रास, म्हणजे अर्धवट. दिवे लावायची वेळ येणार नाही (दिव्यांची अवस त्याच दिवशी आहे, ती वेगळी).

आता मुख्य मुद्दा, कारण खरं विष यात आहे: ‘अंधार पडला की ग्रहणचष्मा काढून उघड्या डोळ्यांनी पाहावे, शास्त्रज्ञही तसेच सांगतात.’

शास्त्रज्ञ सांगतात, हे खरं आहे. पण कुणाला? लक्सरच्या वाळूत उभ्या असलेल्याला. खग्रास स्थितीत सूर्याचं तेजस्वी बिंब पूर्ण झाकलं जातं आणि फक्त प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकं वलय, उरतं. त्याचा उजेड साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका. तेवढी मिनिटं, आणि तेवढीच मिनिटं, चष्मा काढायचा असतो. चष्म्यातून प्रभामंडल दिसतच नाही. कडेला पहिला लखलखता ठिपका उमटला की परत चष्मा. जेद्दाहला नोकरीला असलेल्या भाच्याला हे कळवा. ठाण्याच्या गच्चीवर जमणाऱ्यांना कळवू नका. तिथे ‘अंधार पडला की’ हा क्षण येणारच नाही, म्हणून चष्मा उतरवायचाही क्षण नाही.

‘नव्याण्णव टक्के झाकला म्हणजे झालंच की,’ असं कुणी म्हणेल. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे 4 लाख पट तेजस्वी आहे. एक टक्का उरला तरी 4 हजार पूर्णचंद्र उरले, आणि तेही एका बारीक कोरीत कोंबलेले. 12 ऑगस्ट 2026 च्या ग्रहणाचा पट्टा स्पेनवरून जातो, पण माद्रिद आणि बार्सिलोना त्याच्या किंचित बाहेर राहतात. पट्ट्यातल्या सारागोसात काही क्षण चष्मा काढता येतो, माद्रिदमध्ये एक क्षणही नाही. ग्रहण एकच, देशही एकच. कंकणाकृती ग्रहणाचंही असंच. 26 डिसेंबर 2019 ला कण्णूर-कोइमतूरकडे चंद्र सूर्याच्या बरोबर मध्ये आला, तरी भोवतीचं कडं उघडं होतं. तिथे पूर्ण वेळ चष्मा.

‘जुना एक्स-रे चालतो.’ 2019 लाच आमच्या गच्चीवर शेजारच्या काकांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला होता. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, कारण तिथे फिल्म जवळजवळ पारदर्शक असते. म्हणजे काका गुडघ्याच्या वाटीतून थेट सूर्य बघत होते. फिल्मच्या काळ्या भागातूनही डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण किती येतात याचा भरवसा नाही. काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल, सगळे याच माळेचे मणी. आयएसओ 12312-2 या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा ग्रहणचष्मा दृश्य प्रकाशातला लाखातला जेमतेम तीन भाग आत सोडतो. तो घालून घरातलं काही दिसता कामा नये. नाहीतर वेल्डिंगची 14 नंबरची काच. चरा किंवा भोक पडलेला चष्मा टाकून द्या.

‘दुखलं की नजर काढावी’ हे मेसेजात नाही, पण लोक मनात तेच धरून असतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाहीत. नजरेच्या मध्यावरचा डाग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येतो.

‘परातीत हळदीचं नाहीतर शेणाचं पाणी घेऊन त्यात पाहावे.’ आजीचा उपाय, म्हणून याच्यावर हात उगारताना जीव कचरतो. सूर्य डोक्यावर असताना पाणी जेमतेम 2 टक्के उजेड परत फेकतं. पण 4 लाखांचे 2 टक्के म्हणजे 8 हजार चंद्र. त्यातून सूर्य जसा खाली जातो तसं पाणी आरसा होत जातं. 2027 ला आपल्याकडे सूर्य कललेलाच असणार. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, तर तो ग्रस्त असतानाच मावळला होता. तेव्हा परात सर्वांत वाईट.

‘मावळतीचा सूर्य निरुपद्रवी’ हेही तसंच बेभरवशाचं. धुरळा असेल तर लालभडक गोळा, पावसाने हवा धुतलेली असेल तर तोच सूर्य बोचरा. पातळ ढगही गाळणी नव्हे. आणि दुर्बीण असेल तर फिल्टर पुढच्या भिंगाला लावा. डोळ्यावर ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीत डोकावलं तर एकवटलेली उष्णता चष्मा जाळते, मग डोळा.

‘ग्रहणातच मुसळ परातीत उभं राहतं’ याबद्दल फार लिहीत नाही. बूड सपाट असलं की ते कुठल्याही मंगळवारी परातीत उभं राहतं. करून पाहा.

चष्मा मिळाला नाही तर सूर्याकडे पाठ करा. बारीक भोकातून एक मीटरवर सूर्याचं सुमारे 9 मिलिमीटरचं बिंब पडतं, आणि ग्रहणात तेही खाल्लेलं दिसतं. झाडाखालचे कवडसे तेव्हा कोयत्यासारखे होतात. झारा चालतो, चाळणी चालते. त्या दिवशी कणकेचे दिवे उकडायला मोदकपात्र माळ्यावरून खाली आलेलंच असेल. त्याची भोकांची ताटली धुऊन गच्चीवर न्या आणि खाली पांढरा कागद धरा.