संगीताची परीक्षा कानाने घ्यावी

शाळेत मी संगीत हा विषय घेतला होता आणि लेखी परीक्षेत भूप रागाची माहिती बिनचूक लिहिली होती: थाट (रागाचा मूळ स्वरसमूह) कल्याण, मध्यम आणि निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव (चढताना-उतरताना पाच-पाच स्वर), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. पुढच्याच आठवड्यात तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पेटीवर थोडेसे वाजवून राग विचारला. पाच स्वर ओळखू आले, तेव्हा मी छाती काढून ‘भूप’ असे सांगितले. तो देशकार होता.

दोन्ही रागांचे स्वर तेच पाच आहेत. देशकारात वादी धैवत, संवादी गंधार आणि थाट बिलावल, हेही मला तोंडपाठ होते. परंतु चलन, म्हणजे रागाची चाल, उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या भागात) राहते आणि धैवतावर ठेहराव येतो म्हणजे कानाला नेमके काय जाणवते, हे वर्षभरात आम्हाला एकदाही ऐकवले गेले नव्हते. माध्यमिक शाळेत संगीत हा पूर्ण गुणांचा विषय असावा असे मी आग्रहाने म्हणतो, तेव्हा मला वहीत उतरवून घेतलेला असा विषय अभिप्रेत नाही. निम्मे गुण तरी ऐकून ओळखण्याला असावेत. तीनतालाच्या 16 मात्रा चौकटीत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला, गाणे चालू असताना नवव्या मात्रेची ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) हाताने दाखवता आली पाहिजे. घरी शिकवणी असणाऱ्या मुलांचा गळा तयार असतो हे खरे. कान मात्र वर्गातच, सर्वांचा एकत्र तयार करता येतो.

(संगीताने गणित सुधारते म्हणून ते शिकवावे, ही वकिली मला मुळीच रुचत नाही. इतिहासाकडे आपण असा हिशेब मागत नाही.)

गायनाच्या गुणांबाबत मात्र एक गोष्ट फारच दुर्लक्षित राहते. माध्यमिक शाळेची वर्षे हीच मुलग्यांचा आवाज फुटण्याची वर्षे असतात. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. हा बदल पुरा होईपर्यंत गळा कधी साथ देतो, कधी दगा देतो. आमच्या वर्गातील सर्वांत सुरेल मुलगा त्या वर्षी काळी चार या उंच पट्टीत गायला उभा राहिला, कारण सर्वांसाठी पट्टी तीच ठरलेली होती. तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, त्याचा आवाज चिरकला, मागच्या बाकांवर हशा पिकला आणि गुणपत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘सूर कच्चा’ असा शेरा आला. पेटी खालच्या पट्टीत, काळी एकवर, घेतली असती, किंवा त्या वर्षापुरते त्याला गाण्याऐवजी वाद्य वाजवू दिले असते, तर त्याच्या सुराविषयी काहीतरी खरे लिहिता आले असते. पुढच्या वर्षी त्याने विषय बदलून घेतला.