नऊ दिवसांचा हिशोब : दुकानमालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना पाहिला. त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. आमच्याकडून घेतलेलं नवं कोरं कॉम्प्युटरचं मशीन तीन आठवड्यांत दिवसातून दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं तर कुणाचंही डोकं फिरेल, त्यात तुमची टॉवेलच्या डिझाइनची ऑर्डर अडकलेली. आमच्या पोरांनी तीन वेळा ‘उद्या या’ म्हणून तुम्हाला परत पाठवलं, तेही चुकलंच.

पण ‘तासाभराच्या कामाला नऊ दिवस मशीन अडकवलं आणि शेवटी एक सेटिंग बदलून बाराशे घेतले’ असं जे लिहिलंय, ते लागलं. बाराशेचं राहू द्या. नऊ दिवसांचा हिशोब तुम्ही चारचौघांत मागितलाय, तर चारचौघांतच देतो.

मशीन १० तारखेला संध्याकाळी आलं. मी स्वतः विचारलं होतं, काही बदललंय का, नवीन काही बसवलंय का? तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, तुम्ही दिलं तसंच आहे.’ हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

११ आणि १२ ला मशीन आमच्याकडे शहाण्या पोरासारखं चाललं. एकदाही बंद पडलं नाही. अशा केसमध्ये हेच तर दुखणं असतं, डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो. तोवर प्रोसेसरची आठ पिनची वायर काढून परत बसवली, कूलर बघितला, बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन टाकला. तापमानात काही नव्हतं. एप्रिल-मेमधला ४३ डिग्रीचा सोलापूर असता तर मीही आधी तिकडंच बोट दाखवलं असतं, पण जानेवारी होता.

तुम्ही रोज फोनवर सांगत होता की विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल पॉवर ४१’ येतंय, म्हणजे एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) खराब, बदलून द्या. साहेब, ते ४१ एवढंच सांगतं की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. विहिरीत कुणीतरी पडल्याचा आवाज आला, इतकंच. ढकललं की पाय घसरला ते त्या आवाजावरून कळत नाही. तरी तुमच्या समाधानासाठी १२ ला दुकानातला चांगला एसएमपीएस लावून ठेवला.

पुढचे दोन दिवस सिद्धेश्वराची जत्रा. अक्षतेच्या, म्हणजे देवाच्या लग्नसोहळ्याच्या दिवशी सोलापुरात कोण शटर उघडतो, तुम्हीच सांगा की. माझा मुलगा बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर होता, मीही तिकडंच होतो. तुम्ही बाहेरगावचे असता तर समजू शकलो असतो. नऊमधले हे दोन दिवसही तुम्ही आमच्या नावावर टाकलेत.

१५ ला तुम्ही पेन ड्राइव्हवर डिझाइनची मोठी फाइल आणून दिलीत, ती उघडली आणि वीस मिनिटांत विंडोज कोसळल्याचा निळा पडदा. खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’. आमचा एसएमपीएस लावलेला असताना! म्हणजे तो सुटला, संशय रॅमवर आला. आता एक-एक रॅम काढून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावायची. त्याचे चार पास (फेऱ्या) पूर्ण व्हायला एका १६ जीबीला दोन-अडीच तास लागतात. अशा चार. मध्ये गिऱ्हाईक, मध्ये जेवण. १५ च्या संध्याकाळपासून १६ च्या दुपारपर्यंत हेच चाललं होतं, आणि चारही रॅम स्वच्छ निघाल्या.

इथं मी चक्रावलो, खोटं कशाला बोलू. रात्री चारही एकत्र लावून टेस्ट सोडून घरी गेलो. तीनला लाइट गेली, यूपीएस दहा मिनिटांत बसला, सकाळी येऊन बघतो तर सगळं पहिल्यापासून. १७ ची रात्र परत तेच. दुसऱ्या पासला चुकांचा आकडा चढायला लागला. सुटी एकेक रॅम चांगली, चौघी एकत्र बसल्या की भांडण.

त्याच दिवशी मी तुमचं जुनं बिल काढून बघितलं होतं. त्यात १६ च्या दोनच रॅम! उरलेल्या दोन तुम्ही ऑनलाइन मागवून घरी बसवल्या होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच नंबरच्या, म्हणून डोळ्यांना फरक दिसला नाही. बिल पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, ती माझी चूक. पण ‘काही बदललं नाही’ हे कोण म्हणालं होतं?

तुम्ही मागाच्या धंद्याजवळचे, तुम्हाला पटेल. दोन मागांवर धावणारा कामगार त्याच वेगात चार मागांवर पळवला तर धागा कुठंतरी तुटणारच, आणि कुठला ते आधी सांगता येत नाही. प्रोसेसरमध्ये रॅम सांभाळणारा जो मेमरी कंट्रोलर असतो, त्याचं तेच. तुमच्या रायझन ७००० प्रोसेसरला कंपनी स्वतः डीडीआर५ जातीच्या दोन रॅमवर ५२०० पर्यंतचा वेग सांगते, चार रॅमवर ३६००. दोनवर ६००० सगळेच चालवतात, मीही तसंच लावून दिलं होतं आणि तीन आठवडे ते चाललंही. त्याच ६००० वर तुम्ही चार बसवल्यात.

१८ ला ५२०० वर एक चूक निघाली. ४८०० वर रात्रभर एकही नाही. १९ ला मशीन तुमच्या ताब्यात. ‘स्पीड कमी करून दिला’ असं तुम्ही लिहिलंय. हो, केला, म्हणून ते चालतंय. ६००० च हवा असेल तर ३२ च्या दोन घ्याव्या लागतील. या तुमच्या चार मी घेतो, पण ऑनलाइनवाल्या दोनला तुम्ही दिलेला भाव मिळणार नाही, आधीच सांगतो.

आणि ‘त्यांच्याच दुकानात मशीन सुरू होत नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं’ हेही. तेव्हा मी नुकतंच बायोस रीसेट केलं होतं. या बोर्डवर चार रॅम असल्या की पहिल्यांदा चालू होताना ते रॅमची जुळवाजुळव करतं, काही मिनिटं पडदा काळाच राहतो. तुमचा चहा संपेपर्यंत काळा होता, बरोबर आहे. संपल्यावर चालू झालं तेव्हा तुम्ही जिन्यात होता.

असो. २००४ पासून हे दुकान आहे, आणि लोक आता रस्त्यावर पाटी बघून येत नाहीत, मोबाइलवर स्टार बघून येतात. म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका. मशीन आत घेताना कॅबिनेट उघडून, बिल समोर ठेवून नोंद करायची असं पोरांना सांगितलंय. रोज एक फोनही करायचा ठरवलंय, जमेल तसं चालू करतोय. बाराशेमध्ये काही करता आलं तर बघू, समोर बसून बोलू.

तुमचा निळा पेन ड्राइव्ह काउंटरच्या खणात राहिलाय. फाइल आम्ही उघडण्यापलीकडं काही केलेली नाही. सोमवार सोडून कधीही या.