खुलासा: मगन संग्रहालय सरकारी नाही

‘वर्ध्याचं मगन संग्रहालय सरकारी आहे, तिथं जुने चरखे सोडले तर काही नाही, खेड्यांना त्याचा उपयोग शून्य,’ असा मेसेज आपल्या गावच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे संग्रहालय मगन संग्रहालय समिती ही स्वयंसेवी संस्था चालवते. तिथला मगन चरखा पायानं फिरतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून एका वेळी दोन धागे निघतात. हे लेकरांना जरूर सांगा. पण समितीचं काम भिंतींच्या बाहेरही आहे: सेंद्रिय कापसाची खादी, नैसर्गिक रंगाई, त्यातून गावातल्या बायांना रोजगार. आपल्या पऱ्हाटीचं सूत इथंच कातलं जावं म्हणून झटणाऱ्यांबद्दल असं पसरलेलं पाहून वाईट वाटतं. मेसेज पुढं पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.