दोनदा सूत्रकृमी ओतले, तरी ह्यूकेरा गेलीच: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

वाइन वीव्हिल या भुंगेऱ्यावर (त्याच्या अळ्या कुंडीतल्या झाडांची मुळं खातात) उपकारक सूत्रकृमी, म्हणजे किडीच्या अळ्या मारणारे मातीतले सूक्ष्म जंत, वापरण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगते. एप्रिलअखेर इथल्या, इंग्लंडातल्या रेडिंगच्या घरी तुम्ही कुंडीतली ह्यूकेरा (शोभेच्या पानांचं छोटं झाड) नुसती धरली, तर ती मुळांशिवाय हातात आली. म्हणून हेटेरोऱ्हॅब्डायटिस या सूत्रकृमीचं पाकीट आणून ओतलंत. जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपाच्या पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या, म्हणून पुन्हा ओतलंत. भुंगेरे अजून आहेतच. सांगलीकडे तुमचे वडील उसातली हुमणी (मुळं खाणारी अळी) मूठभर फोरेट या कीटकनाशकाने आटोक्यात आणायचे. तेव्हा हे जैविक प्रकरण म्हणजे श्रीमंत देशाचे चोचले, आणि 'एकात्मिक' (म्हणजे अनेक उपाय एकत्र वापरून केलेलं) कीड-नियंत्रण हा शब्द अपयश झाकायला काढलेला, असं तुमचं म्हणणं.

पैसे गेले आणि झाडंही गेली, तर राग येणारच. पण मी इथे इंग्लंडात शोभेच्या झाडांच्या नर्सरीत काम करते आणि या किडीशी माझी रोजची गाठ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दोनदा ओतलंत, आणि दोन्ही वेळा कुंडीत मारण्याजोगी अळी जवळपास नव्हतीच.

या किडीचं वर्ष असं चालतं. पांढरी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची अळी शरद ऋतूत आणि हिवाळ्यात मुळं खाते. झाड कोलमडतं ते बहुतेक वेळा वसंतात, म्हणजे नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये अळी मातीतच कोषात जाते. तुम्ही ओतलंत तेव्हा बऱ्याच अळ्या कोषात गेलेल्या किंवा जाण्याच्या बेतात असणार, आणि सूत्रकृमी कोषावर फारसे चालत नाहीत. शिवाय हेटेरोऱ्हॅब्डायटिसला मातीचं तापमान साधारण १२ अंश सेल्सिअसच्या वर लागतं. इथल्या एप्रिलमधल्या रात्री कुंडीची माती तेवढी ऊब धरत नाही. गार मातीत ते मरतात असं नाही, पण जागचे हलत नाहीत, आणि अळीला शोधत जाणं हेच तर त्यांचं काम.

मे-जूनमध्ये कोषातून भुंगेरे बाहेर पडतात. काळे, अंगावर पिवळसर ठिपके, दिवसा पालापाचोळ्यात दडलेले आणि रात्री पानांच्या कडा खाणारे. जूनमध्ये तुम्हाला दिसलं ते त्यांचं काम. हा भुंगेरा अंडी घालण्याआधी साधारण महिनाभर नुसता खात असतो. अंडी मग जुलैपासून पुढे, आणि नव्या बारीक अळ्या मुख्यतः ऑगस्टपासून. म्हणजे जूनमध्ये मातीत सूत्रकृमी सोडणं हे पेरणीआधी खुरपणी केल्यासारखं झालं. पानांवर फिरणाऱ्या भुंगेऱ्याला त्यांचा काही त्रास नाही.

पाकिटावर हे बारीक अक्षरात असतं, दुकानात मात्र कुणी सांगत नाही आणि पाकिटं वसंतापासूनच मांडलेली असतात. हा दोष तुमचा नाही. विकणाऱ्यांनी ते ठळक सांगायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

योग्य वेळी काय घडतं ते मी डोळ्यांनी बघते, म्हणूनच इतक्या खात्रीने लिहिते. हे सूत्रकृमी मिलिमीटरभरही लांब नसतात. ते अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रातून आत शिरतात आणि स्वतःच्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. अळी दोन-तीन दिवसांत मरते. सप्टेंबरमध्ये सोडल्यावर आठवड्या-दीड आठवड्याने कुंडी उलटी करून मातीचा गोळा हातावर घ्यायचा आणि मुळांच्या कडेने हलके बोट फिरवायचं. निरोगी अळी दुधासारखी पांढरी, 'सी'च्या आकारात वळलेली असते आणि बोट लागलं की डोकं हलवते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी विटकरी लाल होते. तो रंग जिवाणूंचा. स्टायनरनेमा या दुसऱ्या सूत्रकृमीने मेलेली फिकट पिवळसर-तपकिरी पडते. दोन्ही लुळ्या असतात, पण कुजका वास येत नाही, कारण तेच जिवाणू इतर कुजवणाऱ्या जंतूंना फिरकू देत नाहीत. त्या अळीतच सूत्रकृमींची पुढची पिढी वाढते आणि हजारोंनी मातीत उतरते.

आता फोरेटबद्दल. तुमच्या वडिलांच्या पिढीकडे जे होतं ते त्यांनी वापरलं, त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. पण ते किती जहाल होतं हे विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत फोरेट सगळ्यात वरच्या, अतिशय घातक गटात आहे, आणि कितीतरी शेतांत ते उघड्या हाताने टाकलं जायचं. भारत सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याची विक्री आणि वापर बंद केला. तेव्हा ती मूठ आज सांगलीतही हक्काने भरता येत नाही.

आणि चोचल्यांचं म्हणाल, तर मूठ इथेही होती. आधी ऑल्ड्रिन हे कीटकनाशक. मग क्लोरपायरिफॉसचे दाणे कुंडीच्या मिश्रणातच मिसळले जायचे. ते हळूहळू विरघळत आणि एकदा रोप लावलं की नर्सरीवाला निर्धास्त व्हायचा. पुढे इमिडाक्लोप्रिड आलं. ऑल्ड्रिन मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं म्हणून गेलं. क्लोरपायरिफॉसचे बहुतेक उपयोग ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून थांबले. इमिडाक्लोप्रिडच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, कारण ते झाडात भिनतं आणि फुलांतून मधमाश्यांपर्यंत पोचतं. जैविक नियंत्रण नर्सरीत आलं ते हौसेपोटी नव्हे, हातातली हत्यारं एकेक करून गेली तेव्हा. कुणी श्रीमंतीचा थाट म्हणून ते उचललेलं नाही.

'एकात्मिक' या शब्दावरचा तुमचा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला, कारण नर्सरीतलं निम्मं काम त्यातच आहे. ही कीड उडत नाही, तिचे वरचे पंख एकमेकांना जुळलेले असतात. आणि तिच्यात नर आढळत नाहीत. प्रत्येक भुंगेरा मादी, प्रत्येकीला मीलनाशिवाय अंडी घालता येतात, आणि एकेक जण हंगामात शेकड्यांनी अंडी घालते. म्हणजे बाहेरून आलेल्या एका ट्रेमध्ये एक अळी सुटली, तरी पुढच्या वर्षी पूर्ण वाफा धोक्यात. म्हणून बाहेरून आलेल्या रोपांतली काही कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय माल आत घेत नाहीत. कुंड्यांमध्ये पन्हळी पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या ठेवतात. दिवसा लपायला भुंगेरे त्यात शिरतात आणि सकाळी मोजता येतात. उन्हाळ्यात रात्री बॅटरी घेऊन युऑनिमसच्या झुडपांच्या रांगेतून फेरी होते, कारण पहिल्या खाचा तिथे दिसतात. कुंड्यांखालचा पाचोळा, जुनी माती, विक्रीतून उरलेली मरतुकडी रोपं काढून टाकतात. रोप लावतानाच मिश्रणात मेटारायझियम बुरशी घालता येते, पण तिला उबदार माती लागते, १५ अंशांखाली ती मंदावते. तिची सर्वात जास्त मदत उन्हाळ्यात होते, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्यांवर. सूत्रकृमी या सगळ्यानंतर येतात.

भुंगेऱ्यांवर जोरकस फवारणी का करत नाही, तेही यातच आलं. त्याच काचघरात लाल कोळीवर भक्षक कोळी सोडलेले असतात आणि माव्यावर परोपजीवी गांधीलमाश्या. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं की आधी ते जातात आणि दोन-तीन आठवड्यांत लाल कोळी उसळतो.

हुमणीचंही याहून वेगळं नाही, ताई. वळवाचा पहिला पाऊस पडला की भुंगेरे बाभळीवर, कडुनिंबावर जमतात, तेव्हा रात्री फांद्या हलवून ते गोळा करायचे, ही शिफारस आपल्याकडे जुनीच आहे. तिथेही वेळ साधण्यावरच सगळं आहे. आणि जैविक म्हणजे परदेशी असंही नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमीची जात जगाला कळली ती कोइमतूरच्या उसावरच्या किडीतून, १९९२ मध्ये. आज बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने तिची भुकटी हुमणीसाठीच तयार केली आहे.

तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दहा-बारा कुंड्यांसाठी दरवर्षी पाकीट घेणं महाग पडतं, आणि त्याने कीड समूळ जात नाही. काही अळ्या उरतात, सूत्रकृमीही मातीत फार काळ टिकत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी मी आधी हात आणि बॅटरी सांगेन. आत्ता जुलै आहे. रात्री दहानंतर ऱ्होडोडेंड्रॉनखाली पांढरा कपडा अंथरा, फांद्या झटका आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. धक्का लागला की ते मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडतात, तेव्हा उचलायला घाई करा. आत्ता पकडलेली प्रत्येक मादी म्हणजे न घातलेली शेकडो अंडी.

मुळं गेलेली ह्यूकेरा फेकू नका. खोड नीट धुवा, अळी उरली नाही ना बघा, खालची पानं काढा आणि स्वच्छ, नव्या मिश्रणात गळ्यापर्यंत लावून सावलीत ठेवा. बऱ्याचदा नवी मुळं फुटतात. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

सूत्रकृमी घ्यायचेच असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये मिळतील असे मागवा. ऑक्टोबर उजाडला तर स्टायनरनेमा क्रॉसी घ्या, ते ५ अंशांपर्यंत काम करतं. पाकीट घरी आलं की फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि तारखेच्या आत वापरा. ओतण्याआधी चिमूटभर कोमट पाण्यात घालून अर्ध्या तासाने भिंगातून बघा. वळवळत असतील तरच पुढे जा, नाहीतर पाकीट परत करा. कुंड्या आधी भिजवा. संध्याकाळी ओता, ऊन त्यांना मारतं. झारीची बारीक जाळी काढा आणि झारी सतत ढवळत राहा, कारण ते तळाशी बसतात आणि सगळ्या कुंड्यांना सारखे मिळत नाहीत. पुढचे दोन आठवडे माती ओलसर ठेवा.

मग सप्टेंबरअखेर एक कुंडी उलटी करून अळ्यांचा रंग बघा आणि इथेच लिहा. पांढऱ्या निघाल्या तरी लिहा. कुठलं पाकीट होतं, माती किती गार होती, कधी ओतलं, एवढं कळलं तर काय चुकतंय ते शोधता येईल.