‘पाच मिनिटांत कॅसेट बदला’: एका फिरत्या मेसेजचा समाचार

पावसाने जरा उघडीप दिली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गिअर सटकायला लागले म्हणजे मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) गेली, तेव्हा पावसाळा संपला की चेन आणि कॅसेट दोन्ही बदलून टाका. काम पाच मिनिटांचं आहे, दुकानदार उगाच लुटतात, छिन्नी-हातोडी पुरे. लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी आट्यांची रिंग) हाताने आवळलं तरी चालतं, पेडल मारता मारता ते आपोआप घट्ट होतं. बदलतच आहात तर जास्त स्पीडची, म्हणजे जास्त चकत्यांची घ्या, वेग वाढेल. आणि पुढच्या पावसाळ्यात रोज डब्ल्यूडी-40 मारा, आठवड्यातून एकदा गाड्या धुणाऱ्याच्या प्रेशर पंपाखाली सायकल धरा.

हे काम घरी करावं, याबद्दल माझी तक्रार नाही. कॅसेट बदलणं अवघड नाहीच. पण या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक तपशील चुकीचा आहे, आणि त्यातला एक तर हाडं मोडणारा. तोच आधी घेतो.

लॉकरिंग आपोआप घट्ट होतं, हे वाक्य आलंय कुठून ते कळतं. ते खरं आहे, पण दुसऱ्याच वस्तूबद्दल. जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील असतं ना, सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींना आजही येतं, ते आख्खंच्या आख्खं चाकाच्या मधोमध असलेल्या हबवरच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. चेन त्याला ज्या दिशेला ओढते तीच ते आवळण्याची दिशा, म्हणून प्रत्येक पेडलनिशी ते आणखी घट्ट होत जातं. शिमानो कंपनी 1921 साली सुरू झाली ती असली फ्रीव्हील बनवूनच. कॅसेटचं तसं नाही. तिथे पेडल थांबवल्यावर टकटक करणारी यंत्रणा हबच्याच फ्रीहब नावाच्या भागात असते आणि चकत्या फ्रीहबवरच्या उभ्या खाचांवर नुसत्या सरकवलेल्या असतात. पेडलचा जोर त्या खाचा पेलतात. लॉकरिंगचं काम एकच, सगळ्या चकत्या बाजूने दाबून धरायच्या. पेडल मारण्याचा जोर त्याच्या आट्यांपर्यंत पोहोचतच नाही, मग ते आपोआप घट्ट होणार कसं?

तुमच्याकडे काय आहे ते बघायला चाक काढा, उजव्या बाजूने बघा आणि चकत्या उलट्या फिरवा. मधे टूल अडकवायची जी दातेरी कड दिसते ती चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. ती जागची हलली नाही आणि फक्त चकत्या फिरल्या, तर फ्रीव्हील. दोघांची टूलं वेगळी, काढायची रीत वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच हंड्यात शिजवलीत.

आता लॉकरिंग किती आवळायचं. बऱ्याच शिमानो लॉकरिंगवर ते कोरलेलंच असतं: 40 न्यूटन मीटर (हे आवळण्याच्या जोराचं माप). हाताने आवळणं याच्या आसपासही जात नाही. टॉर्क रेंच (हा जोर मोजणारा पाना) नसेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घ्या. टूलच्या मध्यापासून 25 सेंटिमीटरवर पान्याला हुक लावा आणि काटकोनात ओढा. साधारण 16 किलो दिसले की झालं. आवळताना शेवटी करकर असा आवाज येतो, त्याने बरेच जण दचकून थांबतात. लॉकरिंगच्या आतल्या बाजूला बारीक दाते असतात, ते सगळ्यात छोट्या चकतीवरच्या दात्यांवरून सरकतात त्याचा तो आवाज. तो यायलाच हवा.

सैल राहिलं तर काय होतं? आधी चकत्या खुळखुळतात आणि गिअर नीट लागत नाहीत. फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर सुट्या चकत्या त्याच्या खाचांमध्ये रुतून बसतात, पुढच्या वेळी त्या काढताना घाम फुटतो. आणि उपवनहून येऊरच्या चढाला लागून तुम्ही सीटवरून उठून उभे राहिलात, सगळं वजन एका पेडलवर आलं, आणि नेमकी तेव्हा चकती हलून चेन सटकली, तर गुडघा थेट हँडलवर आणि तुम्ही रस्त्यावर.

छिन्नी-हातोडीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. लॉकरिंगचे टूल अडकवायचे दाते एकदा झिजले की योग्य टूलही त्यात धरत नाही, आणि हातोडीचा प्रत्येक ठोका हबच्या बेअरिंगवर जातो. लागतात दोनच खास वस्तू: लॉकरिंगचं टूल आणि चेन व्हिप, म्हणजे दांड्याला जोडलेला चेनचा तुकडा. यातली गंमत अशी की चेन व्हिप फक्त काढताना लागतो. लॉकरिंग सोडवायला पाना उलटा फिरवला की फ्रीहबही मोकळा उलटा फिरायला लागतो, म्हणून चकत्या धरून ठेवाव्या लागतात. बसवताना पाना सुलटा फिरतो, फ्रीहब आपणहून अडतो, चाक हाताने धरलं की पुरे.

बसवताना घाई करायची नाही ती एकाच ठिकाणी. फ्रीहबवरच्या खाचांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. चकतीचीही तीच खाच शोधून जुळवा. मोठ्या चकत्या बहुतेक एकत्र जोडलेल्या असतात, छोट्या सुट्या. त्यांचा क्रम आणि मधल्या रिंगा काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दात्यांचा आकडा कोरलेली बाजू बाहेर येते. चकती सरकत नसेल तर ती चुकीच्या खाचेत आहे, जोर लावू नका. खाचा आधी पुसून घ्या, ग्रीसचा पातळ हात फिरवा, लॉकरिंगच्या आट्यांनाही थोडं लावा. खाडीच्या बाजूला रोज सायकल चालवणाऱ्यांनी तर हे अजिबात चुकवू नये. पाम बीच रोडची खारी हवा आणि पावसाचं पाणी मिळून स्टीलच्या लॉकरिंगला असं गंजवतात की पुढच्या वर्षी ते सोडवायला दोन माणसं लागतात.

आता खिशाला चाट लावणारा मुद्दा. गिअर सटकले म्हणजे कॅसेट गेली, हे निदान बहुतेक वेळा चुकतं. चेन सगळ्याच गिअरमध्ये कुरकुरते, मधेच आपोआप बदलते, छोट्या चकतीकडे जायला वेळ लावते, अशी लक्षणं असतील तर आधी केबल बघा. पावसात केबलच्या आवरणात गंज आणि चिखल बसतो. छोट्या चकतीकडे चेन नेते ती डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची स्प्रिंग, आणि केबल अडखळली की स्प्रिंगचा जोर कमी पडतो. केबलनंतर हँगर बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरचा धक्का लागून सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलर धरणारा तो छोटा तुकडा वाकतो. मागे उकिडवं बसून बघा, डिरेलरची दोन्ही चाकं चकत्यांच्या रेषेत उभी दिसायला हवीत. तिरकी दिसली तर नवी कॅसेट घालूनही काही फरक पडणार नाही.

कॅसेट झिजतच नाही असं नाही. पण तिला झिजवते ती झिजलेली चेन. चेनच्या पिना आणि त्यांच्या भोवतीचा भाग घासला की चेन लांबते, मग तिचे रोलर दात्यांच्या तळाशी न बसता वर चढून बसतात आणि दाते खातात. म्हणून मोजायची ती चेन. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेवर 12 इंचांच्या मापाचं शून्य ठेवा. नव्या चेनची त्या पिनेपुढची 24 वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन सुमारे अर्धा टक्का लांबलीय, बदला. एवढ्यावर बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. दर पावसाळ्यानंतर दोन्ही बदला म्हणणं म्हणजे दुकानदाराचा खप वाढवणं, आणि तेही दुकानदाराच्या नावाने बोटं मोडणाऱ्या मेसेजने.

कॅसेट खरंच गेलीय हे कसं ओळखायचं? नवी चेन घातल्यावर, जोर लावला की तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्या एक-दोन चकत्यांवरच ती उडी मारते, बाकीच्यांवर नाही. मग बदला, बिनधास्त.

‘जास्त स्पीडची घ्या’ हा सल्ला दोन ओळींत निकालात निघतो. 11 ते 32 दात्यांची आठ स्पीडची आणि तेवढ्याच दात्यांची नऊ स्पीडची कॅसेट, दोन्हींचा वेग तोच आणि चढाचा गिअरही तोच, फक्त मधल्या पायऱ्या वाढतात. शिवाय शिमानोच्या आठ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर 4.8 मिलिमीटर, नऊमध्ये सुमारे 4.35. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) जुनाच ठेवलात तर चार क्लिकमध्ये 1.8 मिलिमीटरची चूक जमते आणि चेन दोन चकत्यांच्या मधे लोंबकळते. येऊर किंवा खारघरच्या टेकडीसाठी काही बदलायचंच असेल तर स्पीड सोडा, मोठ्या चकतीचे दाते बघा. पुढे पेडलजवळच्या चकतीला 34 आणि मागे 28 दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक 1.21 वेळा फिरतं, मागे 34 असतील तर एकदाच. पायांना हा फरक लगेच कळतो. मात्र तुमचा डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांपर्यंत पोहोचतो ते आधी तपासा, आणि चेनची लांबीही.

राहता राहिलं डब्ल्यूडी-40. ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, नाव सांगतंच, पाणी हटवण्यासाठी 1953 मध्ये बनवलेलं मिश्रण. भिजून आल्यावर पाणी हटवायला, गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. चेनला तेल म्हणून मात्र ते टिकत नाही, आणि रोज फवारलंत तर आधीचं चांगलं तेल धुऊन नेतं. प्रेशर पंपाचं पाणी तर सीलमधून हबच्या आणि फ्रीहबच्या आत घुसतं आणि तिथलं ग्रीस घालवतं.

कॅसेट साफ करायला जुन्या बनियनची लांब पट्टी फाडा, दोन चकत्यांच्या मधे घाला आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. घोडबंदर रोडची काळी मळी अशी निघते की पट्टी तीनदा बदलावी लागते. फारच चिकट असेल तर कॅसेट काढून थोड्या डिझेलमध्ये ब्रशने घासा, चाकावर असताना डिझेल ओतू नका. चकत्यांना वेगळं तेल लावायचं नसतं. चेनच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवा, मग बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. आणि डिस्क ब्रेक असतील तर मागच्या चाकाजवळ कुठलाही फवारा मारू नका. डिस्कवर उडालेलं तेल ब्रेक पॅड शोषून घेतात, मग ब्रेक ओरडतो पण धरत नाही, आणि बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.