राणीछाप रुपया चमकवण्याची खात्रीशीर पद्धत

आजीच्या पितळी डब्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा रुपया सापडला, तर सर्वांत आधी त्याची लाज वाटून घ्या. रंग राखाडी, अक्षरांच्या खोबणीत काळा मळ, राणीच्या गालावर धुरकट सावली. असलं ध्यान पाहुण्यांना कसं दाखवायचं? तेव्हा चिंचेचा कोळ, खायचा सोडा आणि दातांचा जुना ब्रश घेऊन बसा.

हा काळेपणा म्हणजे हवेतलं गंधक आणि नाण्याची चांदी यांचं संयुग, म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे, असं काही किरकिरे लोक सांगतात. काळं काढताना त्यात अडकलेली चांदीही जाते, असाही त्यांचा दावा आहे. जाऊ दे. 11.66 ग्रॅमचं नाणं, त्यातली कणभर गेली तर कोण मोजतंय? ब्रश मात्र एकाच दिशेने फिरवा. साठ वर्षं हातोहाती, खिशातून गल्ल्यात फिरलेल्या नाण्यावर ओरखडे हव्या त्या दिशेने पडलेले असतात, काही खोल, काही उथळ, काहींत मळ भरलेला. तुमचे ओरखडे समांतर, ताजे आणि चकचकीत येतील. बल्बखाली नाणं तिरपं धरलं की ते शाळेच्या प्रार्थनेसारखे ओळीत उभे दिसतात. शिस्तीला किंमत असतेच.

घासायचा कंटाळा असेल तर चांदी उजळण्याचं तयार द्रावण आणा. दहा सेकंदांत काम होतं, म्हणून दहा मिनिटं ठेवा. टाकसाळीत ठसा पडताना धातू कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा राहतात. या रेषांमुळेच नाणं फिरवलं की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. वापरातल्या नाण्यावर ही झळाळी निदान अक्षरांच्या आडोशाला थोडी उरलेली असते. द्रावण या रेषांची टोकंच खातं. दोन-चार आंघोळींनंतर पट्टे फिरायचे थांबतात, नाणं सगळीकडून सारखंच पांढरं दिसतं, जणू नवऱ्या मुलाला पावडर लावली आहे. खरं वापरलेलं नाणं उलट असतं: उंचवटे फिके, खोलगट भाग गडद. हा फरक तुम्ही एका झटक्यात मिटवलात, अभिनंदन.

आता ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्याची प्रत. ग्रेड ठरवायला नाणं बघावं लागत नाही, तुम्ही विकताय की घेताय एवढं पुरतं. विकताना 'एक्स्ट्रा फाइन', घेताना 'बरं आहे'. काही माणसं मात्र दहापट भिंग घेऊन राणीच्या कानाजवळचे केस, मुकुटावरची नक्षी आणि पोशाखाचं भरतकाम तपासत बसतात, कारण झिजायला तिथूनच सुरुवात होते. नक्षी फक्त टोकांना सपाट झाली असेल तर एक्स्ट्रा फाइन, बहुतेक नक्षी दिसते पण ठिकठिकाणी मिसळली असेल तर व्हेरी फाइन, मोठी रूपरेषा तेवढी उरली असेल तर फाइन. ठसाच मुळात कमजोर पडला होता की नाणं नंतर झिजलं, हेही ते शोधतात: कमजोर ठशाच्या सपाट जागेवर मूळ झळाळी असते, झिजलेल्या जागी ती गेलेली असते. तुम्ही घासल्यामुळे दोन्हीकडे ती नाही, म्हणजे वादच संपला.

पंचम जॉर्जचा रुपया असेल तर हत्ती बघा. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, आणि 1912 पासून तो बदलला. झिजलेल्या नाण्यावर सोंड आपोआप घासून जाते, म्हणजे 1919 चा हत्तीही हळूहळू डुक्कर होतो. गिऱ्हाइकाला डुकराचा रुपया म्हणून दाखवायला हरकत नाही. फक्त मागच्या बाजूचं साल अंगठ्याखाली धरा.

कडीचं नाणं असेल तर कडी उपटून टाका. माळेत ओवलेल्या रुपयाला सोनाराने बहुधा वरच्या टोकाला डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, कडी जोडलेली असते. कानशीने घासलं की समोरून काही कळत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. नाणं उभं धरून कडेचे दाते एकेक तपासणारे कमीच असतात. त्यांना तिथे दोन-तीन दाते बुजलेले किंवा नवे कोरलेले दिसतात, आणि डागाच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग बदललेलाही.

इतकं केल्यावर कोणी 'फारच पांढरं आहे' म्हणालं, तर घाबरू नका. उकडलेलं अंडं अर्धं कापून नाण्यासोबत पिशवीत बंद करा, सकाळपर्यंत पिवळा, जांभळा, निळा रंग येतो. रात्रभरात पन्नास वर्षांचं वय! नैसर्गिक रंग सहसा कडेकडून आत सावकाश सरकतो आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळतो. तुमचा ठिपक्याठिपक्यांनी येईल. शिवाय तो सोड्याच्या ओरखड्यांच्या आतही उतरतो. भिंगवाल्याला तेवढं पुरतं: ओरखडा आधीचा, रंग नंतरचा.

शेवटी मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. काही वर्षांनी हिरवा चिकट थर येईल. तो न घासता शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, वेळीच पाहिलं तर. तुम्ही तो अर्थातच ब्रशनेच काढाल.

मग नाणं घेऊन बाजारात जा. संग्राहक एकदा तिरपं धरेल आणि परत देईल. सराफ मात्र तिरपं धरणार नाही, काट्यावर टाकेल, 917 शुद्धतेच्या (हजारात 917 भाग चांदी) हिशेबाने साडेदहा ग्रॅमच्या आसपास चांदी धरेल, घट वजा करेल आणि पैसे हातावर ठेवेल. घरी परत आल्यावर डबा पुन्हा बघा. दोन पावल्या आणि एक अधेली अजून काळीच आहे, आणि चिंचही उरली असेल.